वांग्याला बांधलेला दोरा

टीव्हीत नोकरी केली असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझा चेहरा नीट बघतो. तिथं ओळखीचं काही सापडत नाही. मग विचारतो, "म्हणजे तुम्ही नक्की काय करायचात?" मी फोन उचलायचे. एवढं सांगितलं की बहुतेकांची उत्सुकता संपते. या अंकाच्या संपादकांची संपली नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आमची वाहिनी सोलापुरातली, केबलवर दिसणारी. ऑफिस सायकलच्या दुकानाच्या माडीवर. मालक बसवराज अण्णा. ते घरी कानडी बोलत, ऑफिसात मराठी आणि केबलवाल्यांशी भांडताना हिंदी. दर रविवारी सकाळी आमचा 'घरचा मळा' नावाचा कार्यक्रम लागायचा. गच्चीवर, गॅलरीत, खिडकीत भाजीपाला कसा पिकवायचा हे त्यात देशमाने सर सांगायचे. सर शेतीखात्यातून निवृत्त झालेले, उंच, सावकाश बोलणारे. कोथिंबिरीबद्दल बोलतानाही समोर कलेक्टर बसल्यासारखे बोलायचे.

कार्यक्रम चालू असताना पडद्याच्या खालच्या बाजूला एक नंबर सरकत जायचा. 'आपलं मत कळवा.' तो फोन माझ्या टेबलावर होता. फोन आला की नाव विचारायचं, भाग विचारायचा, मत ऐकून घ्यायचं. सोमवारी सगळ्या मतांचा गोषवारा अण्णांना आणि सरांना सांगायचा. पहिल्याच दिवशी अण्णांनी मला एक नियम सांगितला. "शोभाताई, वाद घालायचा नाही. खुलासा करायचा नाही. माणूस मत देतोय, आपण घ्यायचं. प्रसाद घेतो तसं."

प्रसाद क्वचितच गोड असायचा. ज्याला कार्यक्रम आवडतो तो फोन करत नाही, तो उठून आंघोळीला जातो. फोन करतो तो काहीतरी खुपलेला माणूस, आणि खुपलेलं बहुतेक वेळा कार्यक्रमात नसतंच. भवानी पेठेतले एक निवृत्त शिंपी दर रविवारी फोन करायचे. त्यांचं म्हणणं, सरांचा शर्ट आणि मागची भिंत एकाच रंगाची आहे, त्यामुळे नुसतं डोकं बोलल्यासारखं दिसतं. आम्ही सरांना वेगळा शर्ट घालायला लावला. पुढच्या रविवारी फोन आला, हा खांद्यात सैल आहे.

अक्कलकोटच्या एक बाई आधी कानडीत बोलायच्या. मला कळत नाही म्हटल्यावर थोड्या नाराजीनं मराठीत यायच्या. "कोथिंबिरीला एकदा कोत्तंबरी म्हणा की. आमी पण बघतो." अण्णांना हे मत फार आवडलं. सरांनी पुढच्या भागात 'कोत्तंबरी' असं स्पष्ट उच्चारलं. त्या दिवशी वैराग गावाहून विचारणा झाली, ही नवी भाजी कुठली आणि बी कुठं मिळतं.

वैरागचे एक शेतकरी, अंबादासराव, हे आमचे सगळ्यात नेमाचे प्रेक्षक होते. त्यांना कार्यक्रम अजिबात पटत नव्हता आणि त्यांनी एकही भाग चुकवला नाही. "ताई, सरांचा मळा बघितला. आमच्या म्हशीचा एक घास हाय तो." हे मत मी सोमवारी जसंच्या तसं सांगितलं. सर म्हणाले, "म्हशीचं निरीक्षण बरोबर आहे."

सगळ्यात जास्त मतं मात्र पाण्याबद्दल असायची. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, हे बाहेरच्या वाचकांना सांगून ठेवते. काही दिवसांच्या अंतरानं येतं. आलं की घरातलं माणूस कामावर जायचं थांबतं, पातेली-पिंपं भरली जातात आणि मग पुढच्या पाण्यापर्यंत ते पुरवायचं असतं. सर आपले सांगायचे, उन्हाळ्यात झाडांना सकाळ-संध्याकाळ पाणी द्यावं. होटगी रोडच्या एका बाईंनी मला शांतपणे विचारलं, "सकाळचं झाडाला आणि संध्याकाळचं आमाला, असं चालेल का, सरांना विचारा."

हे सगळं मी गंमत म्हणून ऐकत होते. मत देणाऱ्यांचं काही पणाला लागलेलं असेल असं मला वाटत नव्हतं. वांग्याचा भाग होईपर्यंत तरी नाही.

तो भाग ऐन उन्हाळ्यातला. सरांच्या जुळे सोलापूर भागातल्या घराच्या गच्चीवर शूटिंग झालं होतं. पडद्यावर एका कुंडीत वांग्याचं रोप, आणि त्याला दोन मोठी, तुकतुकीत, काटेरी देठाची वांगी. सर म्हणाले, "योग्य निगा राखली तर आपल्या गच्चीवरही असं फळ धरतं." इरफान, आमचा कॅमेरामन, कॅमेरा वांग्याच्या जवळ घेऊन गेला. आणि देठाशी एक पांढरा दोरा दिसला. नीट गाठ मारलेला.

दोरा कुठंही दिसला असता तरी कुणाच्या तरी नजरेस आला असता. पण हे सोलापूर. इथं सुतावर पोट असलेली घरं गल्लोगल्ली आहेत. कार्यक्रम संपायच्या आत फोन सुरू झाले ते दुपारच्या जेवणापर्यंत थांबले नाहीत. एकानं विचारलं, दोरा सुती वापरायचा की पॉलिस्टर. एकीनं विचारलं, भोपळा लावायचा असेल तर दोर लागेल का. अंबादासराव बराच वेळ नुसते हसत होते. मग म्हणाले, "ताई, काय न्हाय. मत देऊन झालं."

इरफान शेजारीच बसला होता. मी रिसीव्हर झाकून त्याला विचारलं. तो म्हणाला, "मैं बोल्या था सर कू, धागा दिखरा करके. सर बोले, टीवी पे इत्ता बारीक कौन देखता."

या सगळ्या फोनांमध्ये एक फोन वेगळा होता. बाईचा आवाज, तरुण, हळू. मागं यंत्रमागांची खडखड. नाव सांगितलं विजयलक्ष्मी, राहायला पूर्व भागात. तिकडं तेलुगू बोलणारी विणकर कुटुंबं राहतात, शब्द त्याच वळणाचे होते.

"ताई, ती वांगी खरंच बांधलेली होती का?"

मी म्हणाले, "तुमचं मत सांगा, मी सरांपर्यंत पोचवते."

"मत नाही. तुमी हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. मला घरात सांगायचं हाय."

मी विचारलं, घरात कुणाला. मग तिनं सांगितलं. 'घरचा मळा' सुरू झाला तेव्हापासून ती बघत होती. सरांनी सांगितलं तसं सगळं केलं. माती, खत, बी, सावली. काहीच येत नव्हतं. रोप वर यायचं आणि बोटभर होऊन मान टाकायचं. पालक गेला, मिरची गेली, वांगी गेली. टीव्हीवर मात्र दर रविवारी सरांचं सगळं हिरवंगार. सासू म्हणायची, टीव्हीतल्या माणसाचं येतंय, तुझं येत नाही, म्हणजे तुझ्या हातातच गुण नाही. हळूहळू ते गल्लीत गेलं. शेजारच्या घरी पापड लाटायला बोलावलं तर पीठ मळायला देईनात. तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे तिनं शेवटी सांगितलं, अगदी जाता जाता.

मी म्हणाले, "हो. बांधलेली होती."

नोकरीत मी दिलेला तो पहिला खुलासा.

सोमवारी बैठक झाली. अण्णांनी उत्तर तयार ठेवलं होतं. "फळाच्या वजनानं फांदी मोडू नये म्हणून आधाराला दोरा बांधला, असं सांगायचं. विषय संपला." सरांनी मान डोलावली. चेहरा मात्र उतरलेला होता. घडलं होतं ते साधं होतं. रोपाला फुलं आली आणि उन्हानं गळून गेली. शूटिंगचा दिवस ठरलेला. सर सकाळी भाजी आणायला गेले, तिथं चांगली वांगी दिसली. घरी येऊन ती बांधत असताना त्यांच्या पत्नी गच्चीवर वाळवण घालायला आल्या, बघत उभ्या राहिल्या आणि काही न बोलता खाली गेल्या. सर म्हणाले, "तिनं काही विचारलं असतं तर मी बहुतेक सोडून टाकली असती."

मी विजयलक्ष्मीच्या फोनचं सांगितलं. पापडाच्या पिठाचंही सांगितलं. अण्णा खिडकीबाहेर बघू लागले. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"आधाराचं राहू द्या," सर म्हणाले. "जे झालं ते सांगू."

"कार्यक्रम बंद पडंल सर," अण्णा म्हणाले.

"पडू दे की," सर म्हणाले. हा सोलापुरी 'की' त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

पुढच्या रविवारी सर गच्चीवर उभे राहिले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "मागच्या भागातली वांगी बाजारातून आणलेली होती. ती मी झाडाला बांधली. माझ्या झाडाला एकही वांगं धरलं नाही. त्याआधी दाखवलेल्या बऱ्याच कुंड्याही रोपवाटिकेतून आणलेल्या होत्या. माझ्या गच्चीवर या उन्हाळ्यात जे जगलं ते आता दाखवतो." आणि त्यांनी दाखवलं. पुदिना, एक कढीपत्ता आणि कोरफड. बाकीच्या कुंड्यांमध्ये वाळलेल्या काड्या होत्या. इरफाननं त्याही जवळून घेतल्या. तो भाग नेहमीपेक्षा लवकर संपला. उरलेल्या वेळात अण्णांनी सिद्धेश्वराची आरती लावली.

मी फोनजवळ बसले होते. पहिला फोन एका शिक्षिकेचा. त्या खरोखर चिडल्या होत्या. वर्गातल्या मुलांना त्यांनी हा कार्यक्रम बघायला सांगितला होता. "आता उद्या मी मुलांना काय सांगू?" त्यांना सरांशीच बोलायचं होतं. सर माझ्या खुर्चीवर बसून ऐकत राहिले. मधूनमधून "बरोबर आहे" म्हणत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "त्यांचं शंभर टक्के बरोबर आहे," आणि पाणी पिऊन बाहेर निघून गेले. बियाण्यांच्या एका दुकानदारानं त्याच दिवशी जाहिरात काढून घेतली.

पण नंतर जे फोन आले तसे मला आधी कधी आले नव्हते. लोक आपापली मेलेली झाडं सांगू लागले. कुणाच्या टोमॅटोला नुसता पालाच आला. कुणाच्या दुधीचा वेल शेजारच्या गॅलरीत गेला, दुधी तिथं धरला आणि शेजारी तो देईनात. एका गृहस्थांनी घरी कुणाला कळू नये म्हणून मेलेल्या गवारीच्या जागी दोनदा नवी रोपं लावली होती. सांगितल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी माझीच चौकशी केली, जेवलात का म्हणून. अंबादासरावांचाही फोन आला. हसले नाहीत. "सरांना इचारा," ते म्हणाले, "कुंडीला पाणी किती लागतंय? आमच्या आईला अंगणात काय तरी लावायचंय म्हनतीया."

आणि विजयलक्ष्मीचा आला.

"सरांनी सांगितलं ते चांगलं केलं," ती म्हणाली. "पण अत्तम्मानं, म्हणजे सासूनं, ऐकलं नाही. आमच्याकडे लाइट गेली होती. सरांना सांगा, घरी येऊन सांगा."

मला वाटलं सर नाही म्हणतील. ते म्हणाले, "कधी जायचं?"

आम्ही तिघं गेलो, सर, मी आणि इरफान. कॅमेरा इरफाननं रिक्षातच ठेवला. खालच्या खोलीत माग चालू होते, तिचा नवरा तिथं कामावर होता. त्यानं मान हलवून वरचा जिना दाखवला. वर सासू, नरसूबाई, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. आम्हाला बसा म्हणाल्या, हात थांबले नाहीत. विजयलक्ष्मी चहा घेऊन आली. बारीक, गव्हाळ, डोक्यावरून पदर घेतलेली.

सर म्हणाले, "आई, टीव्हीवर दाखवलेली वांगी माझी नव्हती. बाजारची होती. मीच बांधली होती."

"मला माहिती हाय," नरसूबाई म्हणाल्या. "एवढी वांगी कुंडीत येतंय काय कधी?"

मी न राहवून म्हणाले, "मग सुनेच्या हाताला नाव का ठेवलंत?"

"वांग्यावरनं न्हाय ठेवलं," त्या म्हणाल्या.

विजयलक्ष्मी कप गोळा करू लागली. त्यातले दोन अजून भरलेले होते. खालची खडखड त्या खोलीत फार मोठी वाटायला लागली. मग सरांनी विचारलं, "गच्ची बघू का?"

गच्चीवर निळे प्लॅस्टिकचे ड्रम होते, आडवे कापून अर्धे केलेले. माती भरलेली. मातीवर पांढरी साय धरली होती. सर खाली बसले. त्यांनी ती साय नखानं खरवडली, माती हुंगली, ड्रम जरा कलता करून बाहेरच्या बाजूला चिकटलेला, अर्धवट उरलेला कागद बघितला.

"हे कुठून आणले?"

"रंगाच्या कारखान्यातले," विजयलक्ष्मी म्हणाली. "यांच्या ओळखीनं मिळाले. तुमीच सांगितलं होतं, पहिल्याच भागात. घरात पडलेला कुठलाही डबा, ड्रम चालतो म्हणून."

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चादरी-टॉवेलांचं सूत रंगवताना कॉस्टिक सोडा लागतो. तो अशा ड्रमांतून येतो. नुसता विसळून त्यात माती भरली तर मुळं जळतात. आमच्या कार्यक्रमानं अख्ख्या सोलापूरला सांगितलं होतं, कुठलाही ड्रम चालतो. असं सोलापुरात सांगताना सरांच्या डोक्यात हे आलं नाही, अण्णांच्या आलं नाही आणि माझ्याही आलं नाही.

सर ड्रम सरळ ठेवून उठले. मग जिना उतरून नरसूबाईंच्या समोर जमिनीवर बसले.

"आई, त्या ड्रमात विष आहे. त्यात मी लावलं असतं तरी मेलं असतं. तुम्ही लावलं असतं तरी मेलं असतं."

नरसूबाईंचे हात थांबले. विडी अर्धी वळलेली.

"तुळस पण त्यातच होती," त्या म्हणाल्या.

"कुठली तुळस?"

"माझी. जुनी. ड्रम आल्यावर त्यात हलवली. तीपण गेली." त्या सुनेकडे बघत नव्हत्या. "मला वाटलं हिनं हात लावला म्हणून गेली."

विजयलक्ष्मी दारात उभी होती. "मी हात लावला नव्हता, अत्तम्मा. तुमीच पाणी घालत होता."

"व्हय," नरसूबाई म्हणाल्या. "मीच घालत होते." मग त्यांनी ती विडी सुपातून उचलली, उघडली, तंबाखू परत घेतली आणि पहिल्यापासून वळायला लागल्या.

निघताना सर विजयलक्ष्मीला म्हणाले, पुढचा भाग इथं करू, तुमच्या गच्चीवर, परवानगी असेल तर. ती जिन्यापर्यंत आली आणि म्हणाली, "चेहरा नको. हात दाखवा."

तो भाग मी आजपर्यंत बघितलेल्या भागांमध्ये सगळ्यात साधा होता. सुरुवातीला सरांनी ड्रमाचं सांगितलं, दोनदा, सावकाश, चूक माझी असं म्हणून. पूर्व भागातल्या बायकांनी नंतर कितीतरी दिवस फोन करून आपल्या गच्चीवरच्या ड्रमांचे रंग मला सांगितले, निळा चालतो का, पांढरा चालतो का. त्यानंतर पडद्यावर फक्त दोन हात. हिरव्या बांगड्या. सिमेंटचं धुतलेलं पोतं, त्यात भुसभुशीत माती. हात मेथी पेरतात, वरून मातीचा पातळ थर देतात, तळव्यानं हलकेच दाबतात, तांब्यातलं पाणी बोटांतून शिंपडतात. मग त्याच पोत्यात, काही दिवसांनी, मेथी वर आलेली. हात ती बाजूला सारून मुळं दाखवतात. दोरा कुठंही नव्हता. इरफाननं सगळ्या बाजूंनी कॅमेरा फिरवून ते दाखवलं, जरा जास्तच वेळ.

नरसूबाई शूटिंगला वर आल्या नाहीत. खाली विड्या वळत होत्या. आम्हाला वाटलं त्यांना ते पटलेलं नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलं होतं. गल्लीनं काय ठरवावं हे त्यांच्या हातात होतं, आमच्या नाही.

रविवारी फोन आले. एकाचं मत, बांगड्यांच्या आवाजात सर ऐकू येत नाहीत. एकीचं मत, मेथी जरा दाट पेरली. बऱ्याच जणांनी विचारलं, हे हात कुणाचे. मी ठरल्याप्रमाणे काही सांगितलं नाही.

आता वाहिनी मोबाइलवर गेली आहे. माझं टेबल तिथं नाही. लोक भागाखाली अंगठा वर करतात किंवा खाली करतात आणि तेच मत धरतात. त्या अंगठ्याला कुठल्या घरातून आलास असं विचारता येत नाही, याचं मला वाईट वाटतं. कारण त्या रविवारी शेवटचा फोन आला तेव्हा मी आवाजाआधी मागची खडखड ओळखली होती.

"मी नरसूबाई बोलूलाले. तो हात दाखवला ना, तो आमच्या घरचा हाय."

मी सवयीनं विचारलं, "कार्यक्रमाबद्दल तुमचं मत?"

"कार्यक्रमाचं काय न्हाय. गल्लीत सगळी इचारलालेत, कुणाचा हात, कुणाचा हात. खाली नाव का दिलं न्हाय तुमी? नाव लिवा. विजयलक्ष्मी. आणि पुढं आमचं आडनाव लिवा."

बुधवारी तो भाग पुन्हा दाखवायचा होता. मी अण्णांना सांगितलं, अण्णांनी इरफानला. बुधवारी मेथी पेरणाऱ्या हातांच्या खाली नाव आलं, आडनावासकट. इरफाननं अक्षरं जरा मोठीच घेतली होती.